चमचाभर औषध, मूठभर गोळ्या

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांवर अखेरचे उपचार नागपूरच्या रुग्णालयांत झाले. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे रसायन तब्बल ४८.६ टक्के आढळले. साहजिकच चर्चा झाली ती भेसळीची आणि औषध नियंत्रण यंत्रणेच्या ढिलाईची. ती आवश्यकच होती. मात्र या गदारोळात एक प्रश्न मागे पडला. औषध शुद्ध असते, तरी ते इतक्या लहान मुलांना द्यायला हवे होते काय?

क्लोरफेनिरामीन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिले होते. साधी सर्दी बहुधा आपोआप बरी होते. तरीही पालकांना बाटली हवी असते आणि ती लिहून न देणारा डॉक्टर त्यांना कमी हुशार वाटतो, हे कटू असले तरी वास्तव आहे.

बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. त्याचे यकृत आणि मूत्रपिंड पूर्ण विकसित झालेले नसतात, म्हणून मात्रा वजनावरून ठरते. घरात मात्र ती अंदाजाने ठरते. पॅरासिटामॉलचेच पाहा. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये साधारण १०० मिलिग्रॅम औषध असते, तर नेहमीच्या १२५ मिलिग्रॅमच्या सिरपमध्ये तेवढ्याच मापात २५. सिरपच्या मापाने थेंब पाजले की चौपट औषध पोटात जाते. यकृतावरील आघात लगेच दिसत नाही, हे त्यातले अधिक भयावह. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यावर बंदी आली ती २०११ मध्ये, अनेक वर्षांच्या वादानंतर.

आयुष्याच्या दुसऱ्या टोकालाही स्थिती वेगळी नाही. वयोमानाने मूत्रपिंडाची क्षमता घटते आणि औषध शरीरात रेंगाळते. गुडघेदुखीसाठी शेजाऱ्याने सुचवलेली डायक्लोफेनॅकची गोळी रक्तदाबाच्या काही औषधांसोबत मूत्रपिंडाला इजा करू शकते. झोपेच्या गोळीने रात्री तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. दोष मात्र न्हाणीघरातल्या फरशीला दिला जातो. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहून ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्या आजींची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. हृदयाचा डॉक्टर वेगळा, हाडांचा वेगळा. सगळ्या गोळ्या एकत्र मांडून पाहणारा बहुधा कोणीच नसतो.

ते काम औषधविक्रेत्याकडून अपेक्षित आहे. अनुसूची ‘एच’मधील औषध चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे २०१५च्या नियमावलीने फार्मासिस्टचे कर्तव्य ठरवले आहे. प्रत्यक्षात दोन वर्षांपूर्वीची चुरगळलेली चिठ्ठीही चालते; पुष्कळदा तीही लागत नाही. संध्याकाळच्या गर्दीत दहाच्या पट्टीतून चार गोळ्या कात्रीने कापून दिल्या जातात. औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख अनेकदा उरलेल्या तुकड्यासोबत दुकानातच राहते.