पाटीला हात जोडू नकोस, आई

मी गोदीत ओझी वाहतो. बापही वाहायचा. त्याच्या पायावर पेटी पडली तेव्हा टॅक्सीत घालून त्याला भायखळ्याला जेजेत नेलं. पाय वाचला. बाहेर पडताना आईनं गेटवरल्या शेटजींच्या नावाला हात जोडले. दोस्तांनो, त्या जोडलेल्या हातांबद्दल मला बोलायचंय.

सर जमशेटजी जिजीभाईंनी लाख रुपये दिले, कंपनी सरकारनं भर घातली आणि १८४५ साली इस्पितळ उघडलं. त्याच साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. दान मोठं होतं, मी नाकारत नाही. कित्येक शेटांच्या हातून तेवढंही सुटलं नाही. पण ते लाख आले कुठनं? चीनच्या व्यापारातनं. कापूस गेला, अफू गेली. माळव्याच्या शेतकऱ्यानं अफू पिकवली, कुणा हमालाच्या पाठीवरनं ती जहाजात चढली, चिनी माणसानं चिलमीत ओढली. पाटीवर नाव मात्र एकाचंच.

१८९६ साली प्लेग आला तो मांडवीत, गोदीच्या दारात. ह्याच कॉलेजातल्या एका खोलीत हाफकिननं लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली. हे आपण अभिमानानं सांगू. पण १९८६ साली ह्याच इस्पितळात विषारी भेसळीचं ग्लिसरॉल पोटात जाऊन १४ रुग्ण मेले, तेही सांगू. लेंटिन आयोगानं औषध खात्यापासून मंत्र्यापर्यंत बोट दाखवलं होतं.

आज तिथं १३०० च्या वर खाटा आहेत. त्या चालतात सरकारी तिजोरीतनं. साबणापासून बिडीपर्यंत कर भरून ती तिजोरी आपणही भरतो. लोकांचं आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य, असं संविधानाचं कलम ४७ सांगतं. रेल्वेतनं पडलेल्या एका शेतमजुराला बंगालातल्या सरकारी इस्पितळांनी दारोदार फिरवलं. त्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की वेळेवर उपचार हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मग उपकार कसले?

आणि रक्तानं भरलेली फरशी पुसणारी, मढी वाहणारी माणसं? ती आपल्याच वस्त्यांतली. त्यांच्याशिवाय एक वॉर्ड एक दिवस चालणार नाही. त्यांच्या नावाची पाटी कुठंय?

आई, हात जोडायचेच तर त्या झाडूवालीला जोड. खिडकीवर मात्र हात पुढं कर आणि औषध माग. नाही म्हणाले तर का नाही, ते लिहून माग. मी आहे मागं उभा.