गिझर, जड पाणी आणि तिसरी पिन

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आई-बाबांना गिझर घेऊन दिला. ते औंढा नागनाथला, मी पुण्यात. आता सॉफ्टवेअरवाला माणूस गिझर घेणार म्हणजे काय होणार? एक्सेल शीट झाली. लिटर, वॅट, स्टार, वॉरंटी, किंमत असे कॉलम, प्रत्येकाला वेटेज, शेवटी बेरीज. पंधरा दिवस हा उद्योग चालला होता. बायकोने हात जोडले तेव्हा कुठे ऑर्डर दिली.

जानेवारीत आईचा फोन. "अरे, नळाला हात लावला की मुंग्या आल्यावानी होतंय." मागून बाबांचा आवाज, "थंडीनं होत असंल." मी म्हटलं, आधी गिझरचा बटण बंद करा आणि प्लग काढून ठेवा. रात्रीच्या बसने निघालो.

ज्याने गिझर बसवला होता त्याला बोलावलं. त्याने टेस्टर लावला, टेस्टर पेटला नाही. "बघा भाऊ, काहीच नाही." पण सॉकेट उघडलं तर तिसऱ्या पिनची, म्हणजे अर्थिंगची, तार सरळ न्यूट्रलला जोडलेली! घरात अर्थिंगच नव्हतं, मग पठ्ठ्याने असा जुगाड केला होता. हा जुगाड गावोगाव चालतो आणि पुण्यातल्या जुन्या वाड्यांतही मी पाहिलाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. न्यूट्रलमध्ये करंट वाहत असतो, त्यामुळे त्यावर थोडंफार व्होल्टेज असतंच. जोड सैल असेल तर ते वाढतं. ते सगळं गिझरच्या पत्र्यावर आणि तिथून आमच्या जुन्या लोखंडी पाइपातून नळावर येत होतं. साधा टेस्टर एवढ्या कमी व्होल्टेजला पेटत नाही, पण ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या आईला ते कळत होतं. आणि खांबापासून घरापर्यंत कुठे न्यूट्रल तुटलाच असता, तर घरातल्या चालू दिव्या-पंख्यांतून फेज उलटा येऊन गिझरचं अख्खं अंग २३० व्होल्टवर गेलं असतं. पुढचं लिहीत नाही.

घरामागे खड्डा खणून पाइप, कोळसा, मीठ असं रीतसर अर्थिंग करून घेतलं. बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. एक दिवसाचं काम. माझ्या शीटमध्ये यासाठी कॉलमच नव्हता.

गंमत बघा, याच औंढा तालुक्यात लायगो-इंडियाची वेधशाळा होतेय. २०२३ मध्ये तिला २,६०० कोटींची मंजुरी मिळाली. प्रोटॉनच्या आकाराच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान हालचाल तिथे मोजणार आहेत. आणि आमच्या बाथरूममध्ये आईचा हात हेच मोजमापाचं यंत्र! असो.

त्या शीटमधलं बाकीचंही किती निरुपयोगी होतं ते नंतर कळलं. मी सगळ्यात जास्त वेटेज स्टारला दिलं होतं. गिझरवरचे स्टार हे मुख्यतः भरलेली टाकी चोवीस तासांत किती उष्णता गमावते यावर असतात. आई-बाबा सकाळी गिझर लावतात, दोघांच्या आंघोळी झाल्या की बंद. त्यांना एका स्टारने काय फरक पडणार? फरक पडतो व्होल्टेजने. २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला साधारण १.१६ युनिट लागतात. दोन किलोवॅटच्या गिझरला पस्तीस मिनिटं. पण व्होल्टेज १८० वर आलं की तोच गिझर सव्वा किलोवॅटचा होतो आणि जवळजवळ तासभर घेतो. "तुझा गिझर लई हळू आहे" ही बाबांची तक्रार अगदी बरोबर होती.

दुसरी गोष्ट पाणी. आमच्याकडे बोअरचं पाणी, आई त्याला जड पाणी म्हणते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. शाळेच्या पुस्तकातलं दुष्फेन पाणी ते हेच. तापवलं की त्यातला चुना खाली बसतो आणि सगळ्यात आधी कॉइलवर बसतो. वर्षाने गिझर उघडला तेव्हा कॉइलवर पांढरं प्लॅस्टर चढलेलं. वीज फार वाया जात नाही, कारण उष्णता शेवटी पाण्यातच जाते. पण थराखाली कॉइल स्वतः जास्त तापते आणि एक दिवस जळते. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात कॉइल बुडवून ठेवली, थर सुटला. आतला मॅग्नेशियमचा रॉड मात्र पेन्सिलीएवढा उरला होता. टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो, त्याचं कामच ते. तो संपला की टाकीची पाळी. आपण टाकीची वॉरंटी किती वर्षं ते बघतो, पण हा रॉड दरवर्षी बघायचा असतो हे दुकानात मला कुणी सांगितलं नाही. (मॅन्युअलमध्ये होतं. मॅन्युअल कोण वाचतं?)

प्रेशर व्हॉल्व्हही चुन्याने जाम होतो. महिन्यातून एकदा त्याची दांडी उचलून थोडं पाणी सोडायचं. पाणी तापताना तिथून थेंब पडले तर ते फुगलेलं पाणी आहे, बिघाड नाही. शेजारच्यांनी ते "गळतंय" म्हणून एम-सील लावून बंद केलं होतं. मी त्यांच्यासमोरच खरवडून काढलं, त्यांना राग आला, येऊ दे.

सोलर का नाही, असं मित्र विचारतात. मराठवाड्यात ऊन भरपूर आहे हे खरं, पण हेच पाणी त्या नळ्यांतही चुना धरतं आणि ते साफ करायला गच्चीवर चढणार कोण? सत्तरीतले बाबा? गॅस गिझर तर बंद बाथरूममध्ये नकोच, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

माझी खरी चिडचिड आपल्यावरच आहे. आपण शहरातून गावी वस्तू पाठवतो, फोटो येतो, "आईला गिझर घेतला" म्हणून आपण मोकळे. ऑफिसमध्ये कोड लाइव्ह करून कुणी असं सोडून दिलं तर आपण त्याला फाडून खातो. आईचा तांब्याचा बंब अजून मागच्या पडवीत आहे. महाशिवरात्रीला पाहुण्यांनी घर भरलं की २५ लिटर कुणालाच पुरत नाही आणि तो बाहेर निघतो. बाहेरून चिंचेने घासलेला आणि आतला चुना काढलेला. त्याची देखभाल आईने चाळीस वर्षं न चुकता केली, तीही रिमाइंडरशिवाय.

माझ्या कॅलेंडरमध्ये आता दर दिवाळीला "औंढा, रॉड आणि कॉइल" अशी नोंद आहे. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, तिथे अधूनमधून पाणी घालायला बाबांना सांगितलं होतं. ते रोज घालतात. तुळशीला घातल्यावर जी अर्धी बादली उरते, ती तिथे.