लस मृगाआधी हवी



कापूस-ज्वारी आभाळाच्या भरवशावर. अडीनडीला पैसा देते ती दारची शेळी. साक्री, शिंदखेडा, पारोळ्याच्या कोरडवाहू रानात मृगानंतर कोवळा चारा उगवला, की आंत्रविषाराचा धोका वाढतो. जिवाणू आतड्यात असतोच. कोवळा चारा किंवा ज्वारीचे दाणे एकदम पोटभर मिळाले, की तो बेसुमार वाढतो. त्याचे विष रक्तातून मेंदू, मूत्रपिंडापर्यंत जाते. धडधाकट करडू रात्रीतून मरते. औषधाला वेळच मिळत नाही.

उपाय एकच : एप्रिल-मेमध्ये लस. पहिल्यांदा टोचताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा, पुढे दरवर्षी.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेतच गावच्या शेळ्या-मेंढ्या मोजून लसीची लेखी मागणी द्या. ही भीक नव्हे, हक्क आहे. जुलैत आलेली लस मेलेल्या करडाच्या काय कामाची?