रविवार कोणाचा?

रेगेन्सबर्गला रविवारी दुकाने बंद. कायद्यानेच सुट्टी! ती आमच्या स्वयंपाकघरापर्यंत मात्र पोहोचत नाही. मुलांना तयार करून आम्ही डोममध्ये मिस्साला जातो. डोमश्पात्सनची मुले सुरेख गातात, पण आमचे लक्ष घरच्या कुकरकडे. प्रभूने धांदलीत पडलेल्या मार्थेला टोकले, हे प्रवचनात नेहमी ऐकतो. त्या दिवशी जेवण शेवटी कोणी रांधले, हे मात्र कोणी सांगत नाही! टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली, स्वतःला पटल्यावर. बाईची श्रद्धा तिची स्वतःची, तर तिला वेळही स्वतःचा हवा. तेव्हा रविवारचा स्वयंपाक घरधन्यांनी करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. नुसती खिचडी केली तरी चालेल. भांडी मात्र घासून ठेवावीत.