कडेवरचं प्लास्टर

सकाळी साडेसहाला कंपनीची बस लक्ष्मी टेकडीवरून पंचतारांकित एमआयडीसीकडे वळते. फेब्रुवारीत पंधरा दिवस ती माझ्याविना वळली. लेक पंधराव्या महिन्यात चालायला लागली, तीच लंगडत. एक्स-रेत दिसलं, डाव्या खुब्याचा गोळा खोबणीबाहेर आहे. भूल देऊन तो जागेवर बसवला आणि छातीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. पाय फाकलेले, शी-शूपुरती मोकळी जागा. मुदत 12 आठवडे. आधी तिचे हुपरीचे वाळे काढून माझ्या हातात दिले, तेव्हा कुठं मला रडू आलं.

साठलेली रजा संपली. ईएसआयनं दवाखान्याचा खर्च उचलला. पण रजेचे पैसे मिळतात ते कामगार स्वतः आजारी पडला तर. पोर अंथरुणाला खिळलं, तर आईची रजा बिनपगारी. सासूबाईंचे गुडघे गेलेले. राहिलं पाळणाघर. तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर हवं, असं 2025पर्यंत 1948चा कारखाने कायदा सांगायचा. पन्नास कामगार असतील तरी हवं, असं मातृत्व लाभ कायद्याच्या 2017च्या दुरुस्तीनं सांगितलं. आमच्या कंपनीत ते आहेही. तिथल्या ताई प्लास्टरकडे बघत म्हणाल्या, "मॅडम, काय झालं-गेलं तर?" दहा पोरांमागं एकटी बाई, तिला काय बोलणार?

घरी येऊन सांभाळायला तीन बायका बघून गेल्या. तिघींनी लेकीच्या हातात बिस्किट दिलं आणि निरोप पाठवला, जमणार नाही. मग लक्षात आलं, यांना कामाचा कंटाळा नाही, भीती आहे. म्हणून चौथ्या मावशींना कामावर ठेवण्याआधी दोन दिवस नुसतं शेजारी बसवलं. लहान पॅड प्लास्टरच्या आत खोचायचा, वरून मोठा डायपर. दोन-दोन तासांनी कूस बदलायची. पायाची दहाही बोटं बघायची. गार, निळी, सुजलेली वाटली तर लगेच फोन. काखेत धरून उचलायचं नाही, खालून हात हवाच. भडंग तर लांबच ठेवायचं. एक चिरमुरा आत शिरला की टोचत तिथंच राहणार.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग खाली हात घालून लेकीला उचललं आणि कमरेवर बसवलं. "एवढंच व्हय? ही तर कडंवर बसल्यागतच हाय की!"

डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट बांधलं, तर खुब्याला धोका. फाकलेल्या पायांनी गोळा खोबणीत बसतो. लेकीला मी तीन महिने घट्ट बांधून निजवलं होतं. त्यानंच हे झालं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. तरी रात्री ते दुपटं डोळ्यांपुढं येतंच.

नव्या मशीनवर माणूस उभा करायचा तर आमच्याकडे आठ दिवस ट्रेनिंग असतं. पाळणाघराच्या ताईंना मात्र मावशींसारखे दोन दिवस कुणी दिले नाहीत. एचआरला मी एवढंच म्हटलं. लिहून घेतलंय.

परवा साडेतीनला बसमधून उतरले. मावशी दारात, लेक कडेवर. प्लास्टरवर गुडघ्यापाशी काळं काहीतरी दिसलं. डाग पडला म्हणून पुसायला गेले, तर मावशींनी हात धरला.

काजळाची तीट होती.