ठराव आणि तळे

एखाद्या गावी नवखा मनुष्य गेला आणि तेथील लोक कसे आहेत हे जाणण्याची त्याला इच्छा झाली, तर त्याने काय पाहावे? शाळेच्या भिंतीवर ‘सत्य बोलावे’ असे लिहिलेले त्याला आढळेल. देवळात भूतदयेवर कीर्तन चाललेले असेल. चावडीवरील फलकावर ‘बंधुभाव’ हा शब्द ठळक अक्षरांत रंगवलेला दिसेल. परंतु तो पुढच्या गावी गेला, तरी तेथेही त्याला हेच शब्द भेटतील. खोटे बोलावे, दुबळ्यांना छळावे, असा फलक कोणतेही गाव लावीत नाही. सर्वांचे शब्द सारखेच उदात्त असतील, तर एका समाजाचे शील दुसऱ्याहून निराळे कसे ओळखावयाचे? त्यासाठी, दिलेला शब्द पाळताना काहीतरी सोडावे लागते, असा प्रसंग पाहावा लागतो. महाडच्या चवदार तळ्यावर असा प्रसंग आला होता.

महाड हे सावित्री नदीच्या काठचे, कोकणातील जुने व्यापारी गाव. त्या काळी ते कुलाबा जिल्ह्यात होते. त्याच जिल्ह्याला आज रायगड म्हणतात. चवदार तळे सार्वजनिक होते. अन्य धर्मांचे लोक तेथे पाणी भरीत, गुरेढोरेही ते पाणी पीत. मात्र ज्यांना अस्पृश्य मानले जाई, त्यांना तेथील ओंजळभर पाण्याचीही बंदी होती. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात एक ठराव मांडला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांनाही खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. तो संमत झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठरावात न्याय होता, माणुसकी होती आणि शब्दांत कोठे उणेपणाही नव्हता. तरीही पुढील तीन वर्षे अस्पृश्य मानलेल्यांना त्या तळ्यावर पाणी भरणे शक्य झाले नाही.

१९२७ सालच्या मार्चमध्ये १९ व २० तारखेस महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. दूरदूरच्या खेड्यांतून हजारो लोक पायी आले. तळे भरलेले असताना या पाहुण्यांसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले! दुसऱ्या दिवशी सर्वजण रांगेने, शांतपणे तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन केले आणि त्यांच्यामागून इतरांनीही. थोड्याच वेळात गावात अफवा उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार आहेत. जमाव लाठ्या घेऊन निघाला आणि परतीच्या वाटेवरील, जेवायला बसलेल्या लोकांना त्याने मारहाण केली. मार खाणाऱ्यांत सैन्यातून परतलेले धट्टेकट्टे पुरुषही होते. उलट हात उगारू नये, असे बाबासाहेबांनी सांगितले आणि त्यांनी ते ऐकले. ज्यांच्या नावे कोणताही ठराव लिहिलेला नव्हता, त्या लोकांचे शील त्या दुपारी असे दिसले.

त्यानंतर तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. १०८ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध व दही मिसळून ते पुन्हा तळ्यात ओतले गेले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

हल्ला करणारे सारे जन्माचे दुष्ट होते, असे म्हणणे सोपे आहे; परंतु ते खरे नसावे. मुंग्यांना साखर घालणारे आणि उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोई घालणारे लोकही त्यांत असतील. तहानलेल्यास पाणी देणे हे मोठे पुण्य आहे, हे वचन तर सर्वांनाच पाठ होते. त्याच महाडात सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे काही सवर्ण मात्र आपल्याच जातभाईंचा रोष पत्करून परिषदेच्या बाजूला उभे राहिले. दोघांच्या कानांवर लहानपणापासून पडलेली सुवचने एकच होती.

मग शब्द व्यर्थच काय? तसेही नाही. हुंडी कितीही सुबक अक्षरांत लिहिलेली असली, तरी पेढीवर वटल्यावाचून हाती पैसा येत नाही, हे खरे. परंतु हुंडीच नसेल, तर पेढीवर जाऊन मागावयाचे तरी काय? तळ्याकडे निघालेल्या लोकांजवळ तो ठराव होता, म्हणूनच ‘हे पाणी आमचेही आहे’ असे त्यांना कायद्याच्या आधाराने म्हणता आले. कोणत्याही ठरावाची वाट न पाहणारी माणसेही असतात. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ सालीच पुण्यातील आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. पण अशी माणसे विरळा, आणि सगळा समाज जोतीरावांची वाट पाहत तहानलेला राहू शकत नाही. १९५० साली अमलात आलेल्या भारतीय राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. ही देशाने लिहून दिलेली मोठी हुंडी आहे. गावोगावच्या पाणवठ्यांवर ती रोज दाखवली जाते. आणि अजूनही काही ठिकाणी ती न वटता परत येते.

महाडचे प्रकरण १९२७ सालीच न्यायालयात गेले. तळे आमच्या मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना तेथे येऊ न देण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असे विरोधकांचे म्हणणे होते. अशी रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही. १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि तळे सर्वांचे ठरले. आज दरवर्षी २० मार्च रोजी हजारो लोक महाडला येतात, चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरतात आणि ओंजळ पाण्यात बुडवतात.