मैदानातली व्यंजना

१९९६ सालच्या विश्वचषक स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे ५२३ धावा सचिन तेंडुलकरने काढल्या. ज्या बॅटने काढल्या तिच्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते. त्या काळात फलंदाजांच्या बॅटींवर सिगारेटच्या नाममुद्रा सर्रास दिसत. मद्य आणि तंबाखू यांची जाहिरात करणार नाही असा शब्द आपण वडिलांना दिला होता, असे सचिनने पुढे अनेकदा सांगितले आहे. हे वडील म्हणजे रमेश तेंडुलकर. कवी, समीक्षक आणि मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयातील मराठीचे प्राध्यापक. मराठीच्या अध्यापकांना या गोष्टीचा अभिमान वाटावा हे स्वाभाविक आहे, आणि वर्गात ती सांगताना आम्हीही तो लपवत नाही.

परंतु गोष्ट एवढ्यावर थांबवली तर ती अर्धीच राहते. ज्या स्पर्धेत ही कोरी बॅट तळपली, त्या स्पर्धेचे नाव होते 'विल्स विश्वचषक'. विल्स हे आयटीसी कंपनीच्या सिगारेटचे नाव. त्याच दशकात भारतीय संघाच्या गणवेशावर, म्हणजे अर्थातच सचिनच्याही छातीवर, हे नाव झळकत होते. २००१ साली कंपनीने स्वतःहून अंग काढून घेईपर्यंत ते राहिले. बॅट खेळाडूची होती, सदरा मंडळाचा होता. खेळाडूने आपले व्रत पाळले. मंडळाने असे कोणते व्रत घेतलेलेच नव्हते.

आमचा प्रश्न या सदऱ्याविषयी आहे. आरोग्याला घातक वस्तू बनवणाऱ्यांचे पैसे क्रीडासंस्थांनी घ्यावेत काय? आमच्या मते घेऊ नयेत. हे आम्ही सोवळ्यात उभे राहून म्हणत नाही. पैशाला वास नसतो हे आम्हालाही ठाऊक आहे. पण प्रायोजकत्व हा पैशाच्या व्यवहाराइतकाच अर्थाच्या, म्हणजे शब्दार्थाच्या, व्यवहाराचा भाग आहे. आणि तो वाचण्याचे शिक्षण ज्यांनी घेतले आहे त्यांनी या प्रश्नावर गप्प राहणे योग्य नव्हे.

प्रथम देणगी आणि प्रायोजकत्व यांतला भेद लक्षात घ्यावा. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचे मैदान उभे केले. तो राजाश्रय होता. त्याच्या बदल्यात मल्लांच्या अंगावर कोणत्या मालाचे नाव रंगवले गेले नाही. गावातला एखादा सुस्थितीतला गृहस्थ मंडळाच्या पावतीपुस्तकावर हजार रुपये मांडतो, तीही देणगीच. प्रायोजक मात्र काही विकत घेत असतो. काय विकत घेतो? खेळाडूच्या शरीराची विश्वासार्हता. घाम, दम, चपळाई, शिस्त हे सारे पाहणाऱ्याच्या मनात एकवटलेले असताना त्याच क्षणी नजरेसमोर येणारे नाव त्या गुणांत भागीदार होते. बँकेच्या किंवा टायरच्या बाबतीत ही भागीदारी फार तर अतिशयोक्ती ठरते. पण जी वस्तू नेमका तोच दम आणि तीच चपळाई हिरावून घेते, तिच्या बाबतीत ती सरळसरळ असत्य ठरते.

यावर कोणी म्हणेल की, यासाठी कायदा आहे ना? आहे. २००० साली केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन तंबाखू आणि मद्य यांच्या जाहिराती बंद झाल्या. २००३ च्या तंबाखूविषयक केंद्रीय कायद्याने जाहिरातीबरोबर प्रायोजकत्वावरही बंधन घातले. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. २०१२ पासून अन्नसुरक्षा कायद्याच्या आधाराने गुटखा आणि पानमसाला या दोहोंवर बंदीचे आदेश निघत आले. मग मैदानावरून ही नावे गेली काय? ती गेली नाहीत, त्यांनी फक्त रूपांतर केले. मद्याची नाममुद्रा सोडा झाली, पिण्याचे पाणी झाली, गाण्यांची सीडी झाली. पानमसाल्याची नाममुद्रा वेलची झाली. सुनील गावसकर, कपिल देव, वीरेंद्र सेहवाग यांच्यासारखे खेळाडू अशा वेलचीच्या जाहिरातीत दिसले.

इथे आपल्या काव्यशास्त्राची आठवण होते. 'गंगेवर गौळवाडा' हे शब्दशक्तीचे उदाहरण आपण सर्वांनी शिकले-शिकवले आहे. प्रवाहावर वाडा असू शकत नाही, म्हणून मुख्यार्थ बाधित होतो. लक्षणेने 'गंगेच्या काठी' हा अर्थ मिळतो. आणि त्या काठाचे शैत्य व पावित्र्य व्यंजनेने सुचते. आता वेलचीकडे पाहा. वेलचीच्या एका दाण्यासाठी देशातले सर्वांत महाग चेहरे कोणी कोट्यवधी रुपये देऊन आणील हे संभवत नाही. मुख्यार्थ बाधित झाला. लक्षणा त्याच नावाच्या, त्याच रंगाच्या, टपरीवर लटकणाऱ्या दुसऱ्या पुडीकडे नेते. आणि व्यंजना सांगते की ही पुडी विजेत्यांची आहे, प्रतिष्ठेची आहे. हे सहावीतल्या मुलाला मम्मटाचे नाव न ऐकताही कळते. कायद्याला कळत नाही, कारण कायदा अभिधा वाचतो. फ्रान्समध्ये १९९१ च्या कायद्याने मद्याच्या प्रायोजकत्वावर निर्बंध घातले, तेव्हा युरोपातील रग्बीच्या 'हायनेकेन कप'ला तिथे नुसते 'एच कप' म्हणू लागले. नाव गेले, एक अक्षर उरले. सूचनेला तेवढे पुरते.

व्यक्तीच्या व्रताचा आधारही पुरेसा नाही. शरद पवार यांनी २००४ साली मुखकर्करोगाशी झुंज दिली आणि तंबाखूच्या सवयीबद्दल पुढे जाहीर खंत व्यक्त केली. २००५ ते २००८ या काळात ते भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. त्याच काळात आयपीएल जन्माला आली आणि बंगळूरच्या संघाला एका मद्याच्या नाममुद्रेवरून नाव मिळाले. यात आम्हाला कोणा एका व्यक्तीवर दोषारोप करायचा नाही. ज्याने या व्यसनांची किंमत स्वतःच्या देहाने मोजली, तोही संस्थेच्या शिखरावर असताना हे घडून जाते, एवढेच दाखवायचे आहे. संस्थेला लिखित नियम नसेल तर सदस्यांचे अनुभव आणि सद्भावना निर्णयाच्या वेळी कामी येत नाहीत. मंडळाला हे उशिरा का होईना उमगलेले दिसते: मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालकांनी आयपीएलला पत्र लिहून आडवाटेच्या जाहिरातींसह तंबाखू-मद्याच्या सर्व जाहिराती बंद करण्यास सांगितले, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय संघाच्या प्रायोजकासाठी निविदा काढताना मंडळाने तंबाखू, मद्य, सट्टा आणि पैशांचे ऑनलाइन खेळ यांना दार बंद केले. पुढे तो सदरा एका टायर कंपनीकडे गेला. संघ सदऱ्यावाचून राहिला नाही.

'मोठ्यांना हे परवडते, लहानांचे काय?' हा खरा आक्षेप आहे, आणि तो झटकून टाकता येणार नाही. डहाणू तालुक्यातील वरोरसारखे गाव घ्या. शेजारी वाढवण आणि चिंचणी. मासेमारी, बागायत आणि घरोघर चालणारा डायमेकिंगचा उद्योग. या किनारपट्टीवर टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे आणि कबड्डीचे सामने म्हणजे गावाची जत्राच. मंडप, फलक, चषक, रोख बक्षीस, पंचांचे मानधन, खेळाडूंचे टी-शर्ट, एवढ्याचा खर्च वर्गणीतून निघत नाही. अशा वेळी कोणी सदऱ्यांचा संपूर्ण खर्च उचलायला तयार झाला, तर त्याचे नाव कशाचे आहे याची चौकशी करणारा कार्यकर्ता शत्रू वाटू लागतो. पण इथला प्रेक्षक कोण आहे? २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीनुसार महाराष्ट्रात सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू सेवन करतात. धूम्रपान करणारे चार टक्क्यांच्या आत आहेत. म्हणजे महाराष्ट्राचे व्यसन सिगारेटचे कमी आणि पुडीचे अधिक आहे. ती पुडी दोन-पाच रुपयांत, सीमारेषेपासून चार पावलांवर मिळते. शहरातल्या प्रेक्षकापेक्षा या मैदानाभोवती बसलेला मुलगा तिच्या कितीतरी जवळ आहे.

पैशाचा पर्याय शोधता येतो, याचे उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९८७ साली कायदा करून तंबाखूवर अधिभार लावला आणि त्यातून 'व्हिकहेल्थ' ही संस्था उभी केली. तंबाखू कंपन्यांकडून मिळणाऱ्या प्रायोजकत्वाची जागा या संस्थेने आपल्या निधीने भरून काढली. क्लबांना उपदेश करण्यापूर्वी तिने त्यांच्या हाती पैसे ठेवले. आपल्याकडेही तंबाखूवर भरमसाट कर आहे. त्यातला अल्प भाग गावोगावच्या मंडळांना चेंडू, चटया आणि चषक यांसाठी मिळावा, ही मागणी अवास्तव नाही.

मग रेषा कुठे आखावी? वडापावच्या गाडीवाल्याचे पाचशे रुपयेही नाकारायचे काय? नाहीत. त्याचा वडापाव वडापाव म्हणूनच येतो. तो खाऊन चढाई चांगली होते असे तो सुचवत नाही. आमच्या मते दोन कसोट्या पुरेशा आहेत. एक, ही वस्तू स्वतःच्या नावाने मैदानात येऊ शकते काय? जिला दुसऱ्या वस्तूचा वेष घ्यावा लागतो, तिला तिथेच थांबवावे. दोन, आपल्या संघातला बारा वर्षांचा मुलगा ही वस्तू रोज घेऊ लागला तर त्याच्या प्रशिक्षकाला चालेल काय? शीतपेये पहिल्या कसोटीला उतरतात, दुसऱ्या कसोटीवर अडतात; म्हणून निदान मुलांच्या सदऱ्यावर ती नसावीत. २००१ साली ऑल इंग्लंड जिंकल्यावर पुलेला गोपीचंदने शीतपेयाची जाहिरात नाकारली, ती याच जाणिवेने.

साहित्याच्या वाचकांना हा विषय परका वाटू नये. २०१० साली पुण्यात ८३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा गुटख्याशी नाव जोडल्या गेलेल्या उद्योगसमूहाच्या प्रायोजकत्वावरून वाद झाला. सारस्वतांच्या मंडपाला हा पैसा शोभतो काय, असा प्रश्न त्या वेळी विचारला गेला, आणि तो विचारणे योग्यच होते. मात्र मंडपातला श्रोता प्रौढ आणि चिकित्सक असतो. सूचनेचा डाव त्याला ओळखता येतो. मैदानावरच्या मुलाजवळ ते कवच नाही. जो आग्रह आपण मंडपासाठी धरला तो मैदानासाठी अधिक जोराने धरायला हवा.

वरोरसारख्या गावांसाठी तर हे आत्ताच ठरवण्याचे काम आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदराबद्दल गावांची मते काहीही असोत, त्याच्यामागून या पट्ट्यात नवा पैसा, नवे ठेकेदार, नवी दुकाने आणि नवे फलक येणार. मंडळांच्या दारात प्रायोजक रांगेने उभे राहतील. त्या वेळी नकार देणे अवघड जाईल. रिकाम्या हातांनी असताना घेतलेला निर्णय पुढे सांभाळणे त्या मानाने सोपे. म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक क्रीडामंडळाने आपल्या पुढच्या वार्षिक सभेत दोन ओळींचा ठराव करावा: तंबाखू, पानमसाला, मद्य आणि सट्टा यांच्याशी संबंधित कोणतीही नाममुद्रा, ती कोणत्याही वस्तूच्या वेषात येवो, आमच्या सदऱ्यावर, चषकावर किंवा फलकावर असणार नाही. ठराव इतिवृत्तात लिहावा, वाचून दाखवावा, सह्या घ्याव्यात. आणि गावात जो कोणी मराठीचा शिक्षक असेल त्याने तो लिहून द्यावा. 'वेष' या शब्दाचा अर्थ कोणी विचारला, तर तो त्याला सभेत सांगता येईल.